बिली ग्रॅहम: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात, युवक संघाच्या बैठकीत आणि आता व्हॉट्सॲपवरही बिली ग्रॅहम यांच्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. फॉरवर्ड होऊन आलेल्या गोष्टींत भर बरीच घातलेली असते. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ख्रिस्ती नसलेले मित्रही हे वाचतात, हे ध्यानात ठेवून लिहिलं आहे.

बिली ग्रॅहम म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतले बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) सुवार्तिक, म्हणजे येशूचा संदेश गावोगाव सांगणारे प्रचारक. जन्म ७ नोव्हेंबर १९१८, मृत्यू २१ फेब्रुवारी २०१८. शंभरी गाठायला नऊ महिनेही उरले नव्हते. १९४७ पासून २००५ पर्यंत ते जगभर मोठमोठ्या मैदानांत सुवार्ता सभा घेत राहिले. १८५ देशांत मिळून २१ कोटींच्या वर लोकांनी त्यांना ऐकलं, असं त्यांची संस्था सांगते. त्यात उपग्रहावरून जोडलेल्या सभाही धरलेल्या आहेत. याशिवाय रेडिओ, टीव्ही, चित्रपट, मासिक आणि १९५२ पासून वर्तमानपत्रातलं प्रश्नोत्तरांचं सदर, असा सगळा पसारा होता.

आपल्याकडे त्यांची आठवण निघते ती मैदानातल्या गर्दीवरून. मला विचाराल तर त्यांचं खरं वेगळेपण दोन गोष्टींत आहे, मायक्रोफोन आणि हिशेबाची वही. त्यामुळे खालची उत्तरं त्या दोन ठिकाणी जरा लांबली आहेत.

ते शेतकऱ्याचे चिरंजीव होते, हे खरं का?

खरं. नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट शहराजवळ त्यांच्या वडिलांचा गाईंचा गोठा आणि दुधाचा धंदा होता. भल्या पहाटे उठून धारा काढायच्या आणि मग शाळेला जायचं, असं बालपण गेलं. पन्हाळा किंवा करवीर तालुक्यातल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

१९३४ च्या मे महिन्यात शार्लटमधले काही व्यापारी दिवसभराच्या प्रार्थनेसाठी ग्रॅहमांच्या कुरणात जमले. शार्लटमधून देवाने असा एखादा माणूस उभा करावा की तो पृथ्वीच्या शेवटापर्यंत सुवार्ता सांगेल, अशी प्रार्थना त्यांच्यातल्या एकाने केली. गोठ्यावरच्या गड्याने, "ही कोण माणसं?" म्हणून विचारलं, तेव्हा पंधरा वर्षांच्या बिलीने उत्तर दिलं की कुणीतरी धर्मवेडे असतील, बाबांना गळ घालून जागा मिळवली असेल.

त्याच वर्षी शरद ऋतूत मॉर्डेकाय हॅम नावाचे फिरते सुवार्तिक गावात आले. त्यांना लोकांकडे बोट रोखून बोलायची सवय होती. त्या बोटापासून वाचायचं म्हणून बिली आणि त्याचा मित्र ग्रेडी विल्सन गायनमंडळात वक्त्याच्या पाठीमागे जाऊन बसले. बिलीला गाता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी! शेवटी सोळावं वर्ष पुरं व्हायच्या सुमाराला एका रात्री तो उठून पुढे गेला.

शिक्षण किती झालं होतं? "डॉक्टर ग्रॅहम" म्हणतात ते का?

आधी बॉब जोन्स कॉलेज. तिथली शिस्त मानवली नाही आणि ते लवकरच सुटलं. मग फ्लोरिडा बायबल इन्स्टिट्यूट, आणि १९४३ मध्ये व्हीटन कॉलेजातून मानववंशशास्त्राची पदवी. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, ते कधीच गेले नाहीत. नावामागचं "डॉक्टर" मानद पदव्यांमुळे आलं. आपल्याला तसं म्हणू नये असं ते सांगत असत. आपल्याकडे उलटं चालतं, कुठूनतरी पदवी आणून आधी फ्लेक्सवर झळकवतात.

ते पाळक होते की सुवार्तिक?

दोन्ही, पण पाळक, म्हणजे एका चर्चचा धर्मगुरू, म्हणून फार थोडा काळ. पदवी घेतल्यावर शिकागोजवळच्या वेस्टर्न स्प्रिंग्ज इथे एका लहानशा मंडळीचे (चर्चच्या सभासदांच्या समूहाचे) ते पाळक झाले. इमारत पुरी झालेली नव्हती. उपासना तळघरात व्हायची. पाळक म्हटला की बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी आणि समित्यांची भांडणं हे सगळं आलंच. या कामात त्यांचा जीव रमला नाही, आणि हे त्यांनी लपवलंही नाही.

पण त्या तळघरातूनच त्यांचं प्रसारणाचं आयुष्य सुरू झालं. टॉरी जॉन्सन हे शिकागोतले पाळक रविवारी रात्री रेडिओवर एक कार्यक्रम करत. त्यांना वेळ पुरेना, म्हणून त्यांनी तो ग्रॅहमांच्या गळ्यात घातला. लहान मंडळीला तो खर्च झेपेल का, यावर बरीच चर्चा झाली आणि १९४४ च्या सुरुवातीला कार्यक्रम चर्चच्या तळघरातून प्रसारित होऊ लागला. आपलं नाव कुणाला ठाऊक नाही हे ग्रॅहम जाणून होते. म्हणून शिकागोच्या रेडिओवर गाजलेले गायक जॉर्ज बेव्हर्ली शी यांना ते स्वतः जाऊन भेटले आणि त्यांनी गावं म्हणून गळ घातली. शी पुढे अर्धशतकाहून जास्त काळ त्यांच्या सभांत गात राहिले. दुसऱ्याच्या आवाजाची किंमत ज्याला कळते तो चांगला प्रसारक होतो, असं माझं मत.

राष्ट्रीय रेडिओवर ते आले कसे?

या उत्तरात बुटांचं खोकं आहे. १९५० च्या उन्हाळ्यात ग्रॅहम ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड इथे सभा घेत होते. जाहिरात क्षेत्रातले दोन गृहस्थ त्यांच्यामागे लागले होते की देशव्यापी रेडिओ कार्यक्रम सुरू करा. पहिल्या काही आठवड्यांसाठीच २५,००० डॉलर लागणार होते. ग्रॅहम टाळत राहिले. शेवटी त्यांनी अट घातली की आज मध्यरात्रीच्या आत पंचवीस हजार जमले तरच हा देवाचा होकार समजेन. त्या रात्री सभेत त्यांनी ही गोष्ट साधेपणाने सांगितली आणि ज्यांना द्यायचं आहे त्यांनी सभा संपल्यावर मागे येऊन द्यावं, असं म्हटलं. लोक रांगेने आले. नोटा, धनादेश, वचनचिठ्ठ्या सगळं बुटांच्या एका खोक्यात पडत गेलं. मोजणी झाली तेव्हा रक्कम साडेतेवीस हजारांच्या आसपास भरली. "एवढ्यावर होऊन जाईल," असं बरोबरचे लोक म्हणाले. ग्रॅहम म्हणाले, नाही, पंचवीस म्हणजे पंचवीस. हॉटेलवर परतले तर काउंटरवर काही पाकिटं येऊन पडली होती. त्यांतल्या पैशांनी आकडा पुरा झाला.

यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. हे पैसे ठेवायचे कुठे? स्वतःच्या नावाच्या खात्यात भरले असते तर ते त्यांचं वैयक्तिक उत्पन्न ठरलं असतं आणि त्यावर कर लागला असता. म्हणून त्याच वर्षी मिनियापोलिस इथे "बिली ग्रॅहम इव्हँजेलिस्टिक असोसिएशन" ही संस्था रीतसर नोंदवली गेली. पुढचं अवघं काम या संस्थेच्या नावावर झालं, आणि तिचा उगम खोक्यातली रोकड कुठे भरायची या अडचणीत आहे.

"अवर ऑफ डिसिजन" हा कार्यक्रम ५ नोव्हेंबर १९५० ला एबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या जाळ्यावरून सुरू झाला. नाव सुचवलं पत्नी रूथ यांनी. क्लिफ बॅरोज निवेदन करायचे, ग्रेडी विल्सन शास्त्रवाचन करायचे, शी गायचे आणि मग ग्रॅहम बोलायचे. त्या काळी ते इतक्या झपाट्याने बोलत की "देवाची मशिनगन" असं त्यांचं नाव पडलं होतं. संदेशाच्या सुरुवातीला त्या आठवड्याच्या बातम्या असत. कोरियातलं युद्ध, अणुबाँबची भीती, हे सगळं धरून ते बायबलवर येत. निरोप घेताना मात्र घरगुती दक्षिणी बोलीत आशीर्वाद द्यायचे, आणि श्रोत्यांना तो तोंडपाठ झाला होता.

ते प्रसिद्ध झाले ते वर्तमानपत्रांमुळे, असं ऐकलंय?

बऱ्याच अंशी. १९४९ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी तंबू ठोकला. तीन आठवड्यांची सभा आठ आठवडे चालली. मधेच एका संध्याकाळी तंबूत पत्रकारांची आणि छायाचित्रकारांची झुंबड उडाली. कारण विचारलं तर कळलं की वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी आपल्या संपादकांना ग्रॅहमना उचलून धरायला सांगितलंय. हर्स्ट आणि ग्रॅहम यांची भेट कधीच झाली नाही. त्यांनी असं का केलं यावर आजही वाद घातला जातो. रेडिओवर काउबॉय गाणी म्हणणारे स्टुअर्ट हॅम्ब्लेन आणि ऑलिंपिक धावपटू लुई झांपेरिनी यांनी त्याच तंबूत विश्वास धरला, त्यामुळे बातमीला आणखी धार आली.

ते कोल्हापूरला आले होते का?

नाही. १९५६ च्या दौऱ्यात मुंबई, मद्रास, कोट्टायम, पाळयंकोट्टै आणि दिल्ली ही ठिकाणं होती. आजोबांनी त्यांना इथे ऐकलं, असं कुणी सांगत असेल तर ते बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी सभेबद्दल बोलत असतील.

मग निदान मुंबईत तरी सभा झाली?

तीही झाली नाही, आणि त्याचं कारण आपल्या इतिहासात आहे. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित राहील. शहर पेटलं. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला, माणसं मारली गेली. नेमके त्याच दिवसांत ग्रॅहम मुंबईत उतरले होते. स्टेडियममधली सभा रद्द करावी लागली. म्हणजे मराठी मुलखात होणारी त्यांची मोठी सभा एका रेडिओ-भाषणाने उठवली म्हणायची! हुतात्मा चौकाशी बिली ग्रॅहम यांचा असा संबंध जुळेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

पुढे दक्षिणेत मात्र अफाट गर्दी झाली. कोट्टायमला डोंगरउतारावर पायऱ्या खोदून बसायला जागा केली होती. पहाटे चारला कसल्या आवाजाने जाग आली म्हणून पाहिलं, तर हजारो लोक प्रार्थनेला जमलेले, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. पाळयंकोट्टैला काही लोक त्यांच्या सावलीत उभं राहायला धडपडू लागले. ते पाहून ग्रॅहम हादरले आणि मी तुमच्यासारखाच माणूस आहे, हे त्यांना बजावून सांगावं लागलं. आजही एखाद्या वक्त्याच्या गाडीभोवती अशीच झुंबड उडते तेव्हा मला ही सावली आठवते.

दिल्लीच्या सभेला तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा पाठिंबा होता. नेहरूंचीही भेट झाली. ग्रॅहम बोलत होते तेव्हा नेहरू बराच वेळ गप्प बसून हातातला पत्रं फोडायचा चाकू फिरवत होते, असा उल्लेख ग्रॅहमांच्या आत्मचरित्रात आहे. नंतर ते दोनदा तरी भारतात आले. नोव्हेंबर १९७२ मध्ये नागालँडच्या कोहिमात, आणि १९७७ मध्ये, जेव्हा आंध्रच्या किनाऱ्यावरच्या चक्रीवादळानंतर त्यांनी मदतकार्यात हात घातला.

या सगळ्याशी कोल्हापूरचा काहीच संबंध नाही का?

आहे, आणि तो ग्रॅहमांच्या जन्माआधीचा आहे. १८५२ मध्ये रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्च हे नाव त्यांच्यावरूनच. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच, कोल्हापुरात जन्मला. हा रॉबर्ट पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे सुवार्तिक डी. एल. मूडी यांच्या आमंत्रणावरून विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. तिथे रॉबर्टने खोलीखोलीत जाऊन मुलांशी बोलणं चालवलं, आणि महिन्याभरात शंभर जणांनी परदेशी मिशन कार्याला जाण्याची तयारी दाखवली. त्यातून "स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट" उभी राहिली. तिच्यामार्फत पुढच्या काही दशकांत हजारो तरुण-तरुणी आशिया-आफ्रिकेत गेले.

याच पिढीत सुवार्ता जगभर पोचवू, ही त्या चळवळीची घोषणा होती. ग्रॅहम त्याच वातावरणात वाढले. त्यांचे सासरे डॉ. नेल्सन बेल चीनमध्ये मिशनरी डॉक्टर होते आणि रूथ यांचा जन्म तिथलाच. १९७४ मध्ये ग्रॅहमांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे जगभरच्या इव्हँजेलिकल (सुवार्ता सांगण्यावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) पुढाऱ्यांची परिषद भरली. दीडशे देशांतून माणसं आली होती. तिथे झालेल्या करारनाम्यात सुवार्तेच्या जोडीला सामाजिक जबाबदारीही लिहिली गेली. मिरजेच्या मिशनच्या वानलेस दवाखान्याच्या सावलीत वाढलेल्यांना ही दुसरी गोष्ट कुणी शिकवायला नको होती. पण अमेरिकेतल्या बऱ्याच जणांना ती पटायला वेळ लागला.

इंग्रजी न कळणाऱ्यांना ते कसे पोचत?

दुभाष्यांमुळे. दिल्लीत १९५६ ला अकबर अब्दुल हक यांनी त्यांचं भाषण हिंदुस्थानीत केलं. हे स्वतः विद्वान मेथडिस्ट (आणखी एक प्रोटेस्टंट पंथ) होते. पुढे ते ग्रॅहमांच्याच पथकात सुवार्तिक म्हणून सामील झाले. शिलाँगचे रॉबर्ट कनविल हेही त्या पथकातले. कोहिमाला तर वेगवेगळ्या आदिवासी भाषांचे गट मैदानात आपापल्या दुभाष्याभोवती बसले होते.

ग्रॅहमांची शैली दुभाष्याला सोयीची होती. वाक्य छोटं, मुद्दा एक, आणि दर थोड्या वेळाने "बायबल म्हणतं" हे पालुपद. अलंकार जवळजवळ नाहीत. मराठीत दुभाष्याचं काम केलेल्या कुणालाही विचारा. पाहुण्या वक्त्याने इंग्रजी शब्दांवर कोटी केली की घाम फुटतो, समोर शेदोनशे माणसं कधी हसायचं म्हणून तोंडाकडे बघत असतात. ग्रॅहम असल्या भानगडीत फारसे पडत नसत.

पैशांचं काय? एवढी मोठी संस्था म्हणजे गडगंज असणार.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि यायलाच हवा.

नोव्हेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी सभा चालू असताना ग्रॅहमांनी बॅरोज, शी आणि विल्सन यांना सांगितलं, आपापल्या खोलीत जा आणि फिरत्या सुवार्तिकांची बदनामी कशाकशाने होते ते लिहून आणा. तासाभराने चौघे जमले, तर याद्या जवळपास सारख्याच निघाल्या. पैसा, बायकांची प्रकरणं, स्थानिक मंडळ्यांची निंदा आणि गर्दीचे फुगवलेले आकडे. त्यावर त्यांनी नियम ठरवले. पत्नीखेरीज कुठल्याही स्त्रीबरोबर एकट्याने जेवायचं नाही, प्रवास करायचा नाही. स्थानिक चर्चच्या विरोधात बोलायचं नाही. गर्दीचा आकडा आपण सांगायचा नाही, पोलिसांनी किंवा मैदानवाल्यांनी दिलेला घ्यायचा. आपल्याकडच्या कन्व्हेन्शनच्या (मोठ्या ख्रिस्ती मेळाव्याच्या) अहवालात हा शेवटचा नियम लावला तर किती शून्यं गळतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पैशांचा नियम मात्र ठरवल्याबरोबर अंगवळणी पडला नाही. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सभेच्या शेवटच्या दिवसाचं "प्रेमदान", म्हणजे जमलेली देणगी, वक्त्याला मिळे. १९५० च्या अखेरीस अटलांटात सभा संपली, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने दोन फोटो छापले. एकात दानाच्या पिशव्या उचलणारे स्वयंसेवक, दुसऱ्यात हसत निरोप घेणारे ग्रॅहम. खाली टीका लिहायची गरजच नव्हती. हा घाव बसला. १९५२ पासून त्यांनी प्रेमदान बंद केलं आणि संस्थेकडून वर्षाला १५,००० डॉलर ठरावीक पगार घ्यायला सुरुवात केली. मोठ्या शहरातल्या पाळकाला साधारण तेवढाच मिळत असे. कारभार संचालक मंडळाकडे गेला.

तरी एक गालबोट लागलंच. १९७७ मध्ये त्यांच्याच गावच्या शार्लट ऑब्झर्व्हर या दैनिकाने बातमी दिली की संस्थेशी जोडलेल्या एका निधीत सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर आहेत आणि बहुतेक देणगीदारांना त्याची कल्पनाच नाही. निधी कायदेशीर होता, सरकारदरबारी नोंदवलेला होता. पण लोकांना सांगितलेला नव्हता. त्यानंतर संस्था आपले लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध करू लागली. १९७९ मध्ये ख्रिस्ती संस्थांच्या आर्थिक पारदर्शकतेसाठी एक मंडळ स्थापन झालं, त्याच्या संस्थापकांत ती होती.

वर्णभेदाच्या बाबतीत त्यांची भूमिका काय होती?

शाहू महाराजांच्या गावात हा प्रश्न विचारला जाणारच. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन सर्वांदेखत चहा पिणारा राजा आपण पाहिलेला आहे. त्या मापाने मोजलं तर ग्रॅहम कधी पुढे होते, कधी मागे.

अमेरिकेच्या दक्षिणेत सभांमध्ये गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या बैठकीत दोर बांधलेले असत. मार्च १९५३ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगा इथे ग्रॅहमांनी ते दोर स्वतःच्या हाताने काढले. प्रमुख स्वयंसेवकाने रागाने राजीनामा दिला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच वर्षी डॅलसमध्ये त्यांनी वेगळी बैठक चालवून घेतली, हे सांगत नाहीत. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. त्यानंतर मात्र त्यांनी वेगळ्या बैठकीची सभा घेतली नाही. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना व्यासपीठावर प्रार्थनेला बोलावलं. आणि १९६३ मध्ये किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांनी जरा दमाने घ्यावं असा सल्लाही याच ग्रॅहमांनी दिला. मोर्चाला जाणाऱ्यांपैकी ते नव्हते. उतारवयात याची खंत त्यांनी बोलून दाखवली.

राष्ट्राध्यक्षांशी त्यांची एवढी घसट कशी?

सुरुवात तर फजितीने झाली. जुलै १९५० मध्ये ग्रॅहम आणि त्यांचे तीन साथीदार फिकट उन्हाळी सूट आणि पांढरे बूट घालून ट्रूमन यांना भेटायला गेले. बाहेर आल्यावर आत काय बोलणं झालं ते सगळं पत्रकारांना सांगून टाकलं. वर फोटोसाठी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर गुडघे टेकून प्रार्थनाही केली. ट्रूमन भडकले. अध्यक्ष असेपर्यंत त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

नंतर आयझेनहॉवर, जॉन्सन, निक्सन यांच्याशी जवळीक वाढत गेली. निक्सन यांच्या बाबतीत ती महागात पडली. वॉटरगेट प्रकरणाच्या ध्वनिफिती बाहेर आल्या तेव्हा आपण या माणसाला ओळखलंच नव्हतं, असं त्यांना वाटलं. १९७२ च्या एका फितीत ज्यू लोकांबद्दल खुद्द ग्रॅहमांनी काढलेले वाईट उद्गार होते. ती फीत २००२ मध्ये उघड झाली. त्र्याऐंशी वर्षांच्या ग्रॅहमांनी जाहीर माफी मागितली. त्यांचे चाहते हा प्रसंग गाळतात. गाळू नये. निवडणुकीच्या तोंडावर कुठल्या उमेदवाराबरोबर फोटो काढायचा, हा प्रश्न आपल्या पाळकांपुढेही असतो.

ते आजार बरे करायचे का?

नाही. डोक्यावर हात ठेवून बरं करण्याच्या सभा त्यांनी घेतल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर तसं काही आलं तर पुढे पाठवू नका.

म्हणजे ते धर्मांतर करत फिरायचे, असं म्हणायचं का?

सभेच्या शेवटी ते लोकांना पुढे यायचं आवाहन करायचे. पुढे आलेल्याशी प्रशिक्षित स्वयंसेवक बोलायचा, कार्ड भरलं जायचं आणि ते कार्ड त्याच्या भागातल्या चर्चकडे जायचं. बाप्तिस्मा ग्रॅहम देत नसत. स्वतःचं चर्चही त्यांनी काढलं नाही. पुढे येणाऱ्यांत आधीपासून चर्चला जाणारे बरेच असत. त्यांतले किती टिकले, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप आहे आणि तो बिनबुडाचा नाही. दुसऱ्या बाजूने कडव्या फंडामेंटलिस्टांनीही (बायबलचा शब्दन् शब्द धरून चालणाऱ्यांनीही) त्यांना धारेवर धरलं. १९५७ च्या न्यूयॉर्क सभेत उदारमतवादी चर्चना बरोबर घेतल्यामुळे बॉब जोन्स यांच्यासारखे जुने गुरू त्यांच्यापासून कायमचे तुटले.

घरच्यांचं काय?

पाच मुलं. रूथ यांनी ती जवळपास एकटीने वाढवली, कारण नवरा महिनोन् महिने दौऱ्यावर असायचा. मुलांबरोबरचे ते दिवस परत मिळणार नाहीत, ही चुटपुट ग्रॅहमांनी म्हातारपणी वारंवार बोलून दाखवली. रूथ २००७ मध्ये गेल्या. लुईझियानातल्या तुरुंगात कैद्यांनी प्लायवूडच्या साध्या शवपेट्या बनवल्या होत्या. त्यांतल्याच पेट्यांमध्ये दोघांनाही ठेवलं गेलं.

कोल्हापुरात आपल्या चर्चला असं रेडिओ केंद्र काढता येईल का?

एफएमचा परवाना मिळणार नाही. खाजगी एफएम वाहिनीच्या सरकारी धोरणात धार्मिक संस्था अपात्र आहेत, मग ती कुठल्याही धर्माची असो. म्हणूनच आपल्या आधीच्या पिढीने ख्रिस्ती कार्यक्रम ऐकले ते मनिला, सेशेल्स, श्रीलंका अशा बाहेरच्या केंद्रांवरून. रात्री रेडिओचा काटा केसभर सरकवत, खरखरीतून आवाज शोधत.

आता यूट्यूबला परवाना लागत नाही, आणि त्यामुळेच मी पुन्हा मोडेस्टोकडे बोट दाखवतो. चॅनल चर्चच्या नावाने असावा, पाळकसाहेबांच्या खाजगी ईमेलवर नको. स्क्रीनवर जो क्यूआर कोड झळकतो तो कुणाच्या खात्याचा आहे, हे मंडळीच्या वार्षिक सभेत विचारायला कुणी लाजू नये. खात्यावर दोन सह्या असाव्यात. व्ह्यूजचा आकडा प्रार्थनेत सांगायची गरज नाही.

त्यांचं एकच भाषण पाहायचं असेल तर कुठलं?

३ जून १९७३, सोल. योइडो मैदानावर अकरा लाख माणसं होती असं सांगतात. शेजारी दुभाषी म्हणून बिली किम उभे आहेत. हे स्वतः पाळक, आणि पुढे कोरियातल्या ख्रिस्ती रेडिओचे प्रमुख झाले. ग्रॅहमांचा हात वर गेला की किम यांचाही जातो, आवाज चढला की तोही चढतो, आणि दोघांच्या वाक्यांमध्ये श्वास घ्यायला जागा राहत नाही. टीव्हीवर बघणाऱ्या कित्येक कोरियन लोकांना वाटलं की मुख्य वक्ता किम आहेत आणि हा उंच गोरा माणूस त्यांचं इंग्रजी भाषांतर करतोय. युवक संघात दाखवायचं असेल तर प्रोजेक्टरपेक्षा स्पीकरची सोय आधी बघा.